पहिले शंभर मीटर हळू: लांब पल्ल्याच्या फ्रीस्टाइलसाठी पेस आणि इंटर्व्हलचा सराव

सकाळच्या बॅचला एक दृश्य हमखास दिसतं. कुणीतरी भिंतीला पाय लावून सुसाट निघतं. पहिले पन्नास मीटर झकास जातात. पंचाहत्तरच्या आसपास डोकं वर यायला लागतं, पाय खाली जातात, आणि शंभर मीटरला भिंत धरून दोन मिनिटं धापा टाकणं चालतं. मग पुन्हा तसंच. पाऊण तासात आठशे मीटर होतात, पण सलग तीनशे कधीच होत नाहीत. बाहेर येताना तो माणूस म्हणतो, "माझा स्टॅमिनाच कमी आहे."

बहुतेक वेळा स्टॅमिना पुरेसा असतो, वेग चुकलेला असतो. मी तिशी उलटल्यावर पोहायला शिकलो आणि जवळजवळ दीड वर्ष असाच पोहत होतो. ज्या महिन्यात पहिले शंभर मीटर मुद्दाम सावकाश काढायला शिकलो, त्याच महिन्यात पहिल्यांदा १५०० मीटर सलग झाले. महिन्याभरात दंडांत काही वेगळी ताकद आली नव्हती. घड्याळ बघून पोहायची सवय तेवढी लागली होती.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांना फ्रीस्टाइल येते, दोनशे मीटर कसेबसे न थांबता होतात, चारशे मीटर कितीही सावकाश का होईना पार पडतात, आणि आता १५०० मीटर किंवा समुद्रातल्या दोन किलोमीटरकडे डोळे लागले आहेत. शंभर मीटरसुद्धा सलग होत नसतील, तर आधी कोचकडून श्वास दुरुस्त करून घ्या, मग इकडे या. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खालची चाचणी देऊ नका.

पाणी घाईची किंमत वसूल करतं

रस्त्यावर धावताना थोडा वेग वाढवला तर दम थोडा जास्त लागतो. पाण्याचा हिशेब कडक आहे. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो विरोध कापत पुढे जायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग फक्त ५ टक्के वाढवला तरी शक्ती जवळजवळ १६ टक्के जास्त लागते. शंभर मीटरला २ मिनिटं ५० सेकंद घेणारा माणूस २:४२ने निघाला, की तो या सोळा टक्क्यांच्या खड्ड्यात उतरलेला असतो.

गंमत अशी, की पहिल्या पन्नास मीटरमध्ये हे कळतच नाही. स्नायूंत साठवलेली ताकद तेवढा वेळ पुरते, श्वास अजून वाढलेला नसतो, अंग ताजं असतं. उधारीवर घेतलेल्या या वेगाची वसुली दीड-दोन मिनिटांनी सुरू होते, आणि तोवर आपण तलावाच्या मधोमध असतो. हिवाळ्यात हे जास्त होतं. पुण्या-नाशिकच्या उघड्या तलावात जानेवारीत सकाळी सहाला उतरलं, की थंडीने अंग आपोआप घाई करतं. अशा दिवशी आधी दोनशे मीटर अगदी रमतगमत पोहा आणि मगच घड्याळाकडे बघा.

घाईचं दुसरं कारण पाय. मांड्यांचे स्नायू मोठे, त्यांना प्राणवायू भरपूर लागतो, आणि नवख्या पोहणाऱ्याला त्या जोरदार किकमधून वेग फारच थोडा मिळतो. लांब पल्ल्यात पायांचं मुख्य काम शरीर आडवं आणि सरळ ठेवणं. किक बारीक आणि सैल ठेवा. पाण्याच्या वर मोठे शिंतोडे उडत असतील, तर त्यात तुमचा पुढचा शंभर खर्च होतो आहे.

आधी तुमचा तलाव किती मीटरचा आहे ते कळू द्या

"आज वीस राउंड मारले" या वाक्याला काही अर्थ नसतो. कुणी जाऊन-येऊन एक राउंड धरतं, कुणी नुसतं जाणं. तलावही सारखे नसतात. स्पर्धेचे तलाव ५० किंवा २५ मीटरचे, पण सोसायटीतले आणि हॉटेलांतले तलाव वाटेल त्या लांबीचे असतात. व्यवस्थापकाला विचारा, खात्री नसेल तर टेपने मोजा. पुढचा सगळा हिशेब मीटर आणि सेकंद यांत आहे.

आणखी एक गोष्ट. २५ मीटरच्या तलावात भिंत दुप्पट वेळा मिळते आणि प्रत्येक ढकलीला फुकटचा वेग मिळतो, त्यामुळे तिथली वेळ ५० मीटरपेक्षा चांगली येते. दोन तलावांतल्या वेळांची तुलना करून खूश किंवा नाराज होऊ नका. चाचणी नेहमी एकाच तलावात द्या.

स्मार्ट वॉच असेल तर त्यात तलावाची लांबी नीट भरा. तलावात ते घड्याळ तुमच्या हातांच्या हालचालींवरून आणि वळणांवरून लेंथ मोजतं, त्यामुळे मध्येच थांबलात किंवा समोरून येणाऱ्याला चुकवायला उभे राहिलात की त्याचा आकडा चुकतो. मला स्वतःला भिंतीवरचं सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ सगळ्यात विश्वासाचं वाटतं.

चाचणी: चारशे आणि दोनशे

सरावाचा वेग अंदाजाने ठरवायचा नाही. जगभरच्या जलतरण प्रशिक्षणात यासाठी एक सोपी पद्धत रुळलेली आहे. तिला क्रिटिकल स्विम स्पीड, थोडक्यात सीएसएस म्हणतात. ज्या वेगाच्या थोडं वर गेलं की दम झपाट्याने संपतो, तो हा उंबरठ्याचा वेग.

चाचणीच्या आदल्या दिवशी विश्रांती घ्या. कमी गर्दीची बॅच निवडा, तीनशे मीटर सावकाश पोहून अंग मोकळं करा आणि चार वेळा २५ मीटर थोडे जोरात काढा. मग चारशे मीटर, जमेल तेवढ्या चांगल्या पण एकसारख्या वेगात. वेळ लिहा. दहा मिनिटं आराम, अधूनमधून हलकं पोहणं. श्वास पूर्ण खाली आला की दोनशे मीटर, तेही मनापासून. दोन्ही वेळा सूर न मारता, पाण्यातून भिंत ढकलूनच निघा.

समजा चारशेला १०:५० लागले आणि दोनशेला ५:१०. फरक ५:४०. त्याचे दोन भाग केले की २:५०. हा तुमचा शंभर मीटरचा सीएसएस. पुढची सगळी उदाहरणं याच आकड्यावर दिली आहेत. तुमचा आकडा २:१० असो की ३:२०, सेकंदांची बेरीज-वजाबाकी तशीच राहते.

इथे एक फसगत होते. चारशेने थकून दोनशे मीटर ढिले पोहलात आणि वेळ ५:२० आली, तर फरक ५:३० होतो आणि सीएसएस २:४५ निघतो. म्हणजे वाईट पोहून आकडा चांगला आला! तो खोटा आकडा धरून सराव केलात तर प्रत्येक सेट अर्ध्यात मोडेल. दोनशे मीटर नीट गेले नाहीत असं वाटलं, तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा द्या.

"दहा शंभर, सव्वातीनला" म्हणजे काय

इंटर्व्हल म्हणजे ठरलेलं अंतर, ठरलेला वेग, ठरलेली विश्रांती. कोच म्हणतात, "१० × १००, ३:१५ला." याचा अर्थ दर ३ मिनिटं १५ सेकंदांनी नवा शंभर सुरू करायचा. तुम्ही २:५५मध्ये पोहोचलात तर २० सेकंद विश्रांती, ३:०५ लागले तर दहाच. पोहायला लागलेला वेळ आणि विश्रांती मिळून हे आवर्तन होतं. घड्याळ वाट बघत नाही, हीच यातली शिस्त.

आवर्तन निवडताना घड्याळाचा काटा ध्यानात ठेवा. ३:१५ घेतलं तर सेकंदकाटा आधी बारावर, मग तीनवर, सहावर, नऊवर आणि पुन्हा बारावर येतो. दमलेल्या अवस्थेतही पुढची सुरुवात कुठे आहे ते कळतं. पन्नासासाठी १:४० घेतलं तर काटा बारा, आठ, चार असा फिरतो. ३:१७सारखे आकडे पाण्यात कुणालाच मोजता येत नाहीत.

विश्रांती इतकी कमी का, असं नवीन माणूस विचारतोच. १५ ते २० सेकंदांत श्वास थोडा ताब्यात येतो, हृदयाची गती मात्र फारशी खाली येत नाही. त्यामुळे दहा शंभर मिळून शरीराला हजार मीटर सलग पोहल्यासारखंच काम पडतं, आणि मधल्या थांब्यांमुळे हाताची ढब बिघडत नाही. विश्रांती मिनिटभर केलीत तर प्रत्येक शंभर छोटी शर्यत होतो. शर्यत पोहायला मजा येते, पण तिने लांब पल्ला हाती येत नाही.

चार सेट, हेच पुरेत

इंटरनेटवर शेकडो सेट सापडतील. पहिले दोन-तीन महिने मी फक्त हे चार वापरायला सांगेन, कारण तोच सेट पुन्हा पुन्हा केला तरच आजचा दिवस मागच्या आठवड्याशी ताडून बघता येतो.

अंदाजाचे पन्नास. १६ × ५०, १:४०ला. प्रत्येक पन्नास १:२५ ते १:२७. भिंतीला हात लागला की घड्याळ बघण्याआधी मनात वेळ सांगायची, "एक सत्तावीस". मग बघायचं. पहिल्या दिवशी अंदाज पाच-सात सेकंदांनी चुकेल. तीन आठवड्यांत तो एक-दोन सेकंदांवर येतो, आणि ज्या दिवशी येतो त्या दिवसापासून पेस, म्हणजे एकसारखा टिकवायचा वेग, तुमच्या अंगात उतरायला लागलेला असतो. या चारांतला सगळ्यात महत्त्वाचा सेट हाच, म्हणून सोपा वाटला तरी सोडू नका.

सम शंभर. ८ × १००, ३:१५ला, प्रत्येकी २:५५. म्हणजे सीएसएसपेक्षा पाच सेकंद सावकाश. नियम एकच: सगळ्यात जलद आणि सगळ्यात सावकाश शंभरात चार सेकंदांहून जास्त अंतर नको. पहिला २:४४ आला तर तो चुकलेला शंभर आहे, कितीही छान वाटला असला तरी. पहिले तीन शंभर इतके सोपे वाटले पाहिजेत की भिंतीपाशी एक पूर्ण वाक्य बोलता येईल. पाचवा कामाचा वाटेल. सातव्याला लक्ष लागेल. आठवा संपल्यावर "आणखी एक झाला असता" असं वाटलं, तर वेग बरोबर होता.

मागचा अर्धा जलद. ४ × २००, ६:२०ला. पहिले शंभर ३:००, दुसरे २:५५. पाच सेकंदांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पाण्यात तो साधायला धीर लागतो. पहिल्या अर्ध्यात शेजारच्या लेनमधला तुमच्या पुढे जाईल. जाऊ द्या.

पायऱ्या. ३:०५, ३:००, २:५५, २:५० असे चार शंभर, प्रत्येकानंतर २० सेकंद, मग दोन मिनिटं थांबून पुन्हा चार. वेग वाढवताना हात भराभर फिरवू नका. पाणी मागे ढकलताना पकड थोडी घट्ट करा आणि श्वास लवकर सोडा. ज्यांच्याकडे एकच वेग असतो त्यांना हा सेट इतर गिअर दाखवतो.

प्रत्येक सेटच्या आधी २०० ते ३०० मीटर सावकाश आणि शेवटी शंभर मीटर अगदी सैल. पाऊण तासाच्या बॅचमध्ये हे सगळं बसतं: सम शंभराच्या सेटला २६ मिनिटं लागतात, अंदाजाच्या पन्नासांना जवळजवळ २७.

आठ आठवडे

आठवड्यातून तीन दिवस पुरेत, मध्ये एकेक दिवस सोडून. पहिले दोन आठवडे एक दिवस अंदाजाचे पन्नास, एक दिवस सम शंभर (सहाच, ३:३०ला, वेग सावकाश ३:००), आणि एक दिवस न मोजता ढब सुधारण्यासाठी. तिसऱ्या आठवड्यात शंभर आठ करा आणि ३:१५वर या. चौथा आठवडा हलका ठेवा, सगळं दोन-तृतीयांश. हा हलका आठवडा उत्साही माणसं गाळतात आणि सहाव्या आठवड्यात खांदा धरून बसतात.

पाचव्या आठवड्यात दोनशेचा सेट आणि पायऱ्या आणा. पन्नास मात्र दर आठवड्याला राहू द्या. सहाव्यात ३ × ४००, प्रत्येकी ११:४८च्या आसपास, मध्ये ४५ सेकंद. हा शंभराला २:५७चा वेग झाला. इतकं लांब पहिल्यांदा पोहताना तिसऱ्या चारशेत मन भरकटतं, वेगही त्याच्या मागोमाग जातो. प्रत्येक वळणावर मनात आकडा म्हणत राहिलं तर लक्ष टिकतं. सातव्या आठवड्यात चाचणी पुन्हा. आठव्यात दोन हलके दिवस आणि मग १५०० मीटर सलग.

एखाद्या दिवशी चौथ्या शंभरालाच वेळ आठ-दहा सेकंदांनी घसरली, तर ओढून सेट पूर्ण करू नका. एक शंभर सावकाश पोहा, आवर्तन १५ सेकंदांनी वाढवा, तरीही जमत नसेल तर त्या दिवसाचं सैल पोहणं करून घरी जा. झोप, उपास, ऑफिसचा आठवडा, सगळं पाण्यात दिसतं. सलग तीन वेळा असं झालं तर सीएसएसचा आकडा तपासा.

हात मोजा

वेळ घसरण्याआधी हात घसरतात. ताज्या अवस्थेत २५ मीटरला तुम्हाला २४ हात लागत असतील, तर सहाव्या शंभरात ते २८ होतात. पाणी पकडलं जात नाही, हात नुसता घसरत मागे येतो, आणि वेग टिकवायला आपण तो आणखी भराभर फिरवतो. म्हणून प्रत्येक शंभराच्या शेवटच्या लेंथला हात मोजा. दोन वाढले तर चालतील. चार वाढले की वेग कमी करा, कारण आता तुम्ही थकलेल्या ढबीचा सराव करत आहात, आणि शरीर तीही तितक्याच इमानाने शिकतं.

श्वासाचंही इथेच सांगतो. तोंड पाण्यात असताना बुडबुडे सतत बाहेर गेले पाहिजेत. श्वास रोखून धरला की जो गुदमरल्यासारखा त्रास होतो, तो मुख्यतः आत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. दर दोन हातांनी एका बाजूला श्वास घेतलात तरी काही बिघडत नाही. तीन हातांनी दोन्ही बाजूंना घेण्याची सवय सावकाश सेटमध्ये लावून ठेवा, समुद्रात उपयोगी पडते.

गर्दीच्या तलावात, जिथे लेनचे दोर नसतात, तिथे शंभराचा सेट मोडतो. एप्रिल-मेच्या सुट्टीत तर हमखास. तेव्हा भिंतीलगतची बाजू पकडून पन्नासांचाच सेट करा आणि मध्ये कुणी आडवं आलं तर तो पन्नास हिशेबातून वगळा.

१५०० मीटरचा दिवस

पाच तीनशे असा विचार करा. पहिले ३०० शंभराला २:५८ने, म्हणजे ८:५४. मधले ९०० २:५५ने, म्हणजे २६:१५. शेवटच्या तीनशेत उरलेलं सगळं, २:५०ने ८:३०. एकूण ४३:३९. पहिल्या तीनशेत "हे फारच हळू आहे" असा आवाज मनात येईल. त्याचं ऐकू नका. सगळ्यात अवघड भाग ७०० ते १००० मीटर, कारण सुरुवातीची ताजगी गेलेली असते आणि शेवट दिसत नसतो. तिथे फक्त हात मोजा.

२०२१मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या बॉबी फिंकने १५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा शेवटच्या वळणापर्यंत तो आघाडीवर नव्हता. शेवटचे ५० मीटर त्याने २६ सेकंदांच्या आत काढले. साडेचौदाशे मीटर जगातल्या सर्वोत्तम पोहणाऱ्यांच्या वेगाने पोहून झाल्यावर! ती शर्यत बघून ठेवा. वेग राखून ठेवणं म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं.

समुद्रात

मालवणच्या चिवला बीचवरची स्पर्धा असो की गोव्यात मिरामारला होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉनमधलं (पोहणं, सायकल, धावणं) १.९ किलोमीटरचं पोहणं, तलावातला आकडा तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. भिंती नसतात, लाट असते, दर आठ-दहा हातांनी डोकं उचलून दिशा बघावी लागते, आणि सरळ रेषेत पोहता येत नाही, त्यामुळे अंतर वाढतं. आयर्नमॅन ७०.३च्या पोहण्याला ७० मिनिटांची मर्यादा असते, म्हणजे शंभराला साधारण ३:४१. तलावात ३:३०ने पोहणाऱ्याला हे पुरेल असं वाटतं, पण दोनशे मीटर वाकडं गेलं की ते पुरत नाही. तलावातला आरामाचा वेग ३:१०च्या आत आल्यावरच नाव नोंदवा, असं मी सांगेन. आणि समुद्रात एकट्याने कधीही उतरू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

सुरुवातीला सगळे एकदम पाण्यात शिरतात, हातपाय लागतात, छाती धडधडते आणि पाय आपोआप जोरात चालू लागतात. कडेला राहा, पहिल्या घोळक्याला पुढे जाऊ द्या. घड्याळ बघायची सोय नसते, म्हणून अंदाजाचे पन्नास आठवा: पहिल्या बॉयपर्यंत (वळणाची तरंगती खूण) त्याहूनही सैल, पन्नासला १:३०चा हात, बुडबुडे सतत बाहेर, किक बारीक. बॉय वळून झाल्यावर श्वास शांत असेल, तर तिथून पुढे वेग एक पायरी चढवा.